फ्रेंचचा तास : आधी कान, मग वही

प्रश्न : मी नाशिकमधल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सहावी ते आठवीच्या वर्गांना तिसरी भाषा म्हणून फ्रेंच शिकवते. वर्गात ४०च्या वर मुले असतात आणि तास ३५ मिनिटांचा असतो. लेखी परीक्षेत मुलांना उत्तम गुण मिळतात, क्रियापदांची रूपे ती घडाघडा लिहितात, शब्दार्थही पाठ असतात. पण पुस्तकासोबतचे ध्वनिमुद्रण लावले की सगळा वर्ग गप्प होतो. शिकलेलेच शब्द त्यांना ऐकताना ओळखू येत नाहीत. खेळ घेतले तर गोंगाट होतो आणि शेजारच्या वर्गातून निरोप येतो. माझ्याजवळ मोबाइल आणि एक छोटा स्पीकर, एवढेच साधन आहे. ऐकण्याच्या आणि शब्दसंग्रहाच्या सरावासाठी रोज करता येतील असे सोपे उपक्रम सुचवाल का? माझे स्वतःचे उच्चार फ्रेंच माणसासारखे नाहीत, याचेही मनावर दडपण असते.
— एक शिक्षिका, नाशिक

उत्तर :

आपल्या पत्रातले सगळ्यांत महत्त्वाचे वाक्य म्हणजे ‘शिकलेलेच शब्द त्यांना ऐकताना ओळखू येत नाहीत’. मुलांनी ते शब्द फळ्यावरून वहीत उतरवले आणि वहीतून पाठ केले. त्यामुळे ते त्यांना वहीत दिसले तरच ओळखू येतात. इतर काही भाषांच्या बाबतीत हे थोडेफार खपून जाते, फ्रेंचच्या बाबतीत खपत नाही, कारण तिच्यात लिहिलेले आणि ऐकू येणारे यांत मोठे अंतर आहे. ‘मी बोलतो’, ‘तू बोलतोस’ आणि ‘ते बोलतात’ यांसाठी क्रियापदाची तीन रूपे तीन तऱ्हांनी लिहितात, पण कानावर तिन्ही वेळा ‘पार्ल’ एवढेच पडते. ‘मांजर’ आणि ‘मांजरे’ यांतला शेवटचा अनेकवचनी ‘एस’ फक्त कागदावर असतो. तोंडी दोन्ही ‘शा’च. लिहिलेले अक्षर बहुधा उच्चारायचेच, अशा लिपीत वाढलेले आपले मूल फ्रेंच शब्द पाहिल्याबरोबर त्यातले प्रत्येक अक्षर मनात वाचते, तोच खोटा उच्चार पक्का करते आणि मग खरा उच्चार ऐकला की तो त्याला अनोळखी वाटतो. (फ्रेंच शब्द मी येथे देवनागरीत लिहीत आहे, हे लेखन कामचलाऊच समजावे.)

म्हणून माझे म्हणणे एकच आहे : नवा शब्द फळ्यावर लिहिण्याआधी मुलांनी तो पुरेसा ऐकलेला असावा आणि ऐकून त्यावर काहीतरी केलेले असावे. लिहिणे शेवटी. पुढे सुचवलेले सगळे उपक्रम याच क्रमाने चालतात. त्यांतला एकही पूर्ण तास मागत नाही; तासाची पहिली सात-आठ मिनिटे पुरतात, मात्र ती रोज द्यावी लागतात.

सुरुवात हजेरीपासूनच करता येते, कारण ती घ्यावीच लागते. मुलाने ‘प्रेझाँ’ म्हणावे आणि मुलीने ‘प्रेझाँत’. या दोन शब्दांत फ्रेंचची एक मोठी खोड सापडते : पुल्लिंगी रूपात शेवटचे व्यंजन गिळले जाते आणि स्त्रीलिंगी रूपात ते ऐकू येते. ‘पती’ आणि ‘पतीत’, म्हणजे लहान आणि लहानगी, किंवा ‘ग्राँ’ आणि ‘ग्राँद’, म्हणजे मोठा आणि मोठी, हीही त्याच जातीची रूपे. हजेरीत ती कानावर रोज पडली की विशेषणांचा धडा येईल तेव्हा नियम सांगण्याआधीच मुलांना तो ठाऊक असेल. आठवडाभराने आपण मुद्दाम एखाद्या मुलाच्या बाबतीत ‘प्रेझाँत?’ असे विचारावे. चूक पकडायला अर्धा वर्ग टपलेलाच असतो. हजेरीनंतर वार, तारीख आणि हवा. नाशिकला जुलैत ‘इल प्लो’, म्हणजे पाऊस पडतो आहे, हे वाक्य खिडकीकडे बोट दाखवून शिकवता येते. बर्फाचे वाक्य पुस्तकात पहिल्या पानावर असले तरी ते डिसेंबरपर्यंत थांबले तर काही बिघडत नाही.

आता गोंगाटाविषयी, कारण बाकीचे सगळे त्याच्यावर अवलंबून आहे. ऐकण्याच्या उपक्रमात मुलांनी बोलायलाच हवे, हा समज सोडून द्यावा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स अॅशर यांनी १९६०च्या दशकात आज्ञा ऐकून अंगाने कृती करण्याची जी पद्धत मांडली, तिच्यातला आपल्या उपयोगाचा भाग हा की समजल्याचे दाखवायला शब्दाची गरज नसते. बोट, पाटी, वस्तू किंवा नुसती उभी राहण्याची कृती पुरते. त्यातही पाटी मला सर्वांत जवळची वाटते. प्रत्येक मुलाकडे एक छोटी पाटी किंवा प्लास्टिकच्या पारदर्शक पिशवीत घातलेला जाड पांढरा कागद आणि पुसता येणारे पेन असले, की आपण शब्द उच्चारायचा, मुलांनी उत्तर लिहायचे किंवा चित्र काढायचे आणि आपण टाळी वाजवली की सगळ्यांनी एकदम पाटी वर धरायची. ४० उत्तरे एका नजरेत दिसतात, हुशार चार मुलांच्या मागे बाकीचे लपत नाहीत आणि आवाज होतो तो फक्त आपला. शेजारच्या वर्गाची तक्रार मुळातच उरत नाही.

बोटांचा खेळ तर याहून सोपा. फ्रेंचमध्ये वचन आणि लिंग बहुतेक वेळा नामाच्या शेवटी कळत नाही, नामाआधीच्या उपपदात कळते : पुल्लिंगी एकवचनाला ‘ल’, स्त्रीलिंगीला ‘ला’ आणि अनेकवचनाला, लिंग कोणतेही असो, ‘ले’. आपल्या कानाला ल, ला, ले यांतला फरक ओळखणे अजिबात अवघड नाही. अडचण इतकीच की मुले लक्ष नामाकडे देतात आणि उपपद सोडून देतात. म्हणून आपण ‘ल शा’, ‘ले शा’, ‘ला ताब्ल’, ‘ले ताब्ल’ असे म्हणत जावे आणि मुलांनी एकवचन ऐकले तर एक बोट, अनेकवचन ऐकले तर पंजा वर करावा. हे सहज जमू लागले की मध्येच स्वराने सुरू होणारा शब्द टाकावा. ‘लामी’ म्हणजे मित्र आणि ‘लेझामी’ म्हणजे मित्रमंडळी. येथे ‘झ’ कोठून आला, असा प्रश्न मुलांनी विचारला पाहिजे; तो त्यांनी विचारेपर्यंत आपण उत्तर देऊ नये. एरवी मुका असणारा ‘एस’ पुढे स्वर आला की जागा होतो आणि पुढच्या शब्दाला जाऊन चिकटतो, हे त्यांना ऐकून सापडले तर विसरणार नाहीत.

याच ठिकाणी एक सावधगिरी. मुलांना समजावे म्हणून आपण शब्द सुटे सुटे, सावकाश उच्चारतो. हेतू चांगला असला तरी त्यामुळे ‘लेझामी’चे ‘ले... आमी’ होते, जोडणारा ‘झ’ नाहीसा होतो आणि मुले जी फ्रेंच ऐकतात ती जगात कोणी बोलत नाही. वेग कमी करायचा असेल तर दोन वाक्यांच्या मधली जागा वाढवावी, दोन शब्दांच्या मधली नाही. वाक्य दोनदा-तीनदा म्हणावे, पण प्रत्येक वेळी एका दमात.

स्वरांचा सराव वेगळा तास घेऊन करू नये. तो कंटाळवाणा होतो आणि मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहून हसत बसतात. तो वस्तूंमध्ये मिसळून टाकावा. ‘वर’ या अर्थाचा शब्द साधारण ‘स्यूर’ आणि ‘खाली’ या अर्थाचा ‘सू’. ‘सू’मधला ‘ऊ’ आपलाच आहे. ‘स्यूर’मधला स्वर मात्र मराठीत नाही, तो जीभ ‘ई’च्या जागी ठेवून ओठ ‘ऊ’सारखे गोल केल्यावर मिळतो. आता कंपासपेटी बाकावर काढायला सांगावी आणि ‘मेते ला गॉम स्यूर ल काय्ये’, ‘मेते ला गॉम सू ल काय्ये’ अशा आज्ञा उलटसुलट द्याव्यात. खोडरबर वहीवर की वहीखाली, हे मुख्यतः त्या स्वरावर ठरते. चूक लगेच दिसते, तीही कोणी बोलल्याशिवाय. अनुनासिक स्वरांचेही तसेच : ‘बँ’ म्हणजे आंघोळ, ‘बाँ’ म्हणजे बाक आणि ‘बों’ म्हणजे चांगला. फळ्यावर तीन चित्रे, त्यांना क्रमांक १, २, ३ आणि मुलांनी पाटीवर फक्त क्रमांक लिहायचा. मराठी बोलताना आपण अनुस्वाराच्या जागी बहुधा ‘म्’ किंवा ‘न्’ घालतो, त्यामुळे मुले ‘बॉन’ म्हणतात. हिंदीतला ‘हाँ’ त्यांना म्हणायला सांगावा, नाकातून जाणारा स्वर आपोआप सापडतो. कोकणी बोलणाऱ्या घरातले मूल वर्गात असेल तर त्याला हे शिकवावेच लागत नाही.

आज्ञांच्या खेळाचे फ्रेंच मुलांचे आपले असे रूप आहे. ‘जाक आ दी’, म्हणजे ‘जाकने सांगितले’, असे म्हणून आज्ञा दिली तर ती पाळायची, तसे न म्हणता दिली तर हलायचे नाही. खेळ चांगला असला तरी ४० मुलांच्या वर्गात बाद झालेली मुले दंगा करतात, म्हणून कोणालाही बाद करू नये. चुकणाऱ्याने स्वतःच्या पाटीवर एक रेघ मारावी आणि खेळत राहावे. शिवाय ज्यांना सरावाची सर्वांत जास्त गरज असते तीच मुले सर्वांत आधी बाद होतात, हाही त्या नियमातला दोष आहेच.

अंकांकडे मी जरा जास्त वेळ थांबते, कारण ऐकताना मुले जिथे हमखास घसरतात ती जागा हीच आहे. ६९पर्यंत सगळे सरळ चालते. ७०ला मात्र फ्रेंच माणूस ‘साठ-दहा’ म्हणतो, ७५ला ‘साठ-पंधरा’, ८०ला ‘चार-वीस’ आणि ९७ला ‘चार-वीस-सतरा’. मुलांना हे विचित्र वाटते, पण त्यांच्या पणजीच्या पिढीत ‘चार विसा’ मोजणारी माणसे गावोगाव होती, हे त्यांना सांगावे. मोजण्याची रीत तीच आहे. (बेल्जियम आणि स्वित्झर्लंड येथे ७०ला ‘सेप्ताँत’ आणि ९०ला ‘नोनाँत’ असे सुटसुटीत शब्द आहेत, हेही सांगावे, मुले लगेच बेल्जियमला जायला तयार होतात.) खरी अडचण लिहिताना येते. ‘स्वासाँत’, म्हणजे साठ, ऐकल्याबरोबर मूल ६ लिहून मोकळे होते, मागून ‘कँझ’, म्हणजे पंधरा, येते आणि मग त्या ६चे ७ करायचे राहून जाते. त्यावर उपाय एकच : संख्या पूर्ण ऐकेपर्यंत पेन उचलून धरणे. फ्रान्समधला दूरध्वनी क्रमांक दहा आकडी असतो आणि तो दोन-दोन आकड्यांच्या पाच जोड्यांत सांगतात. मोबाइलचा असेल तर पहिली जोडी ०६ किंवा ०७ असते. रोज एक खोटा क्रमांक सांगावा, मुलांनी तो पाटीवर लिहावा आणि जोडी संपल्याशिवाय कोणाचेही पेन पाटीला टेकू नये. ६६ आणि ७६ यांची जोडी मुद्दाम वारंवार घ्यावी, कारण ‘सीस’, म्हणजे सहा, आणि ‘सेझ’, म्हणजे सोळा, यांत ऐकताना गफलत होते. सगळ्यांना ठाऊक असलेला अंकांचा लोटो, ज्याला आपण हौजी म्हणतो, महिन्यातून एखाद्या शनिवारी चालेल. मात्र त्यात ६० ते ९९ एवढेच अंक घ्यावेत.

घड्याळाच्या बाबतीतही एक सापळा आहे. दोन वाजले म्हणजे ‘दझर’ आणि बारा वाजले म्हणजे ‘दूझर’. पुस्तकात हे दोन शब्द लांब लांब असतात, कानात मात्र शेजारी शेजारी बसतात. पाटीवर नुसते गोल घड्याळ काढून काटे दाखवायला सांगितले, की कोणाला फरक कळला आहे आणि कोण शेजाऱ्याकडे पाहत आहे ते दिसते.

आठवड्यातून एकदा चित्र-श्रुतलेखन घ्यावे. मुलांना ते फार आवडते आणि त्यात शब्द, जागा दाखवणारे शब्द व संख्या हे तिन्ही एकदम येतात. मजकूर चार-पाच वाक्यांपेक्षा मोठा नसावा. पान आडवे धरायला सांगावे आणि म्हणावे, ‘ओ मिल्य, यून मेझों’ : मधोमध एक घर. ‘आ गोश, अँनार्ब्र’ : डावीकडे एक झाड. ‘सू लार्ब्र, द शा’ : झाडाखाली दोन मांजरे. ‘आ द्र्वात, यून पतीत व्ह्वात्यूर रूज’ : उजवीकडे एक छोटी लाल मोटार. प्रत्येक वाक्य तीनदा, पहिल्यांदा पेन्सिल खाली ठेवून. चित्रे झाली की बाकावरच्या दोघांनी आपापली पाने शेजारी ठेवावीत आणि कोठे फरक पडला ते शोधावे. त्यानंतर आपण मूळ वाक्ये पुन्हा म्हणावीत आणि दोघांपैकी कोण बरोबर होते याचा निकाल त्यांचा त्यांनीच लावावा. येथे मुलांना शिक्षकाने तपासून देण्यापेक्षा पुन्हा ऐकण्याचे कारण मिळते, आणि तेच आपल्याला हवे असते. चित्रकलेचा बाऊ करणाऱ्या मुलांना चौकोन म्हणजे घर आणि दोन कान म्हणजे मांजर, असे आधीच ठरवून द्यावे.

ध्वनिमुद्रण लावल्यावर वर्ग गप्प होतो, असे आपण लिहिता. बहुधा मुले प्रत्येक शब्द पकडायला जातात, तिसऱ्या शब्दावर अडतात आणि पुढचे सगळे हातातून जाते. नाशिकरोडच्या फलाटावर उभे असलेले हेच मूल गर्दीत, फेरीवाल्यांच्या ओरडण्यात, फाटक्या आवाजातल्या उद्घोषणेतून आपल्या गाडीचा फलाट क्रमांक तेवढा अचूक उचलते. बाकीचे त्याने ऐकलेलेही नसते. तीच सवय वर्गात आणावी. फ्रान्समधल्या स्थानकावरची एक छोटी उद्घोषणा आपणच तयार करावी : लियोंला जाणारी गाडी १४ वाजून १२ मिनिटांनी ५ क्रमांकाच्या मार्गावरून सुटेल. पहिल्यांदा ऐकवण्यापूर्वीच प्रश्न द्यावा : हा आवाज कोठला आहे, दुकानातला, दूरध्वनीवरचा की स्थानकावरचा? दुसऱ्यांदा ऐकताना फक्त दोन अंक लिहायचे, वेळ आणि मार्ग. तिसऱ्यांदा गावाचे नाव. चौथ्यांदा लिखित मजकूर हातात द्यावा, म्हणजे कानाने ऐकलेले डोळ्यांना कसे दिसते ते मुले पाहतील आणि जोडून उच्चारलेल्या जागांखाली रेघ मारतील. प्रश्न नेहमी ऐकवण्याआधी. ऐकवून झाल्यावर विचारलेला प्रश्न ऐकण्याची नव्हे, स्मरणशक्तीची परीक्षा घेतो. मजकूर अर्ध्या मिनिटापेक्षा मोठा नसावा. नमुन्यांसाठी टीव्ही ५ माँद या वाहिनीच्या संकेतस्थळावर ए१ या प्राथमिक पातळीपासूनचे सराव विनामूल्य उपलब्ध आहेत, आणि आर.एफ.आय. या फ्रेंच नभोवाणीचाही सोप्या फ्रेंचचा विभाग आहे. शाळेतल्या इंटरनेटच्या भरवशावर राहू नये. घरी ऐकून त्याच धर्तीचा चार ओळींचा मजकूर आपल्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून न्यावा. पंखा बंद करून स्पीकर वर्गाच्या मधोमध ठेवावा आणि मागच्या बाकावरच्या मुलाला ऐकू येते का, हे आधी पाहावे. पुष्कळदा न समजण्याचे कारण भाषेत नसते, पंख्यात असते.

शब्दसंग्रहासाठी शब्दार्थांच्या याद्या पूर्ण बंद करा, असे मी म्हणणार नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी यादी उपयोगी पडते आणि मुलांना तिचा आधार वाटतो. मात्र यादी ही धड्याची सुरुवात नसावी. एका तासाला सात-आठ नवे शब्द पुरे झाले, तेही उपपदासह. ‘फनॅत्र’ म्हणजे खिडकी असे कधीही शिकवू नये, ‘ला फनॅत्र’ असेच शिकवावे, कारण नंतर लिंग वेगळे पाठ करणे म्हणजे दुप्पट काम. मराठीत तीन लिंगे असल्याने वस्तूला लिंग असते याचे आपल्या मुलांना नवल वाटत नाही, उलट ती आत्मविश्वासाने मराठीतले लिंग फ्रेंचला लावतात. खिडकीच्या बाबतीत ते जुळते, दरवाजाच्या बाबतीत फसते, आणि चंद्र फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी निघतो. म्हणून वर्गाची एक भिंत ‘अँ’ची, म्हणजे पुल्लिंगी, आणि समोरची ‘यून’ची, म्हणजे स्त्रीलिंगी, ठरवावी, आपण नुसते नाम म्हणावे आणि मुलांनी त्या भिंतीकडे हात करावा. बाक हलवावे लागत नाहीत.

कंपासपेटीतला दुसरा खेळ : टेबलावर सात वस्तू मांडाव्यात, पट्टी, खोडरबर, पेन्सिल, पेन, कात्री, टोकयंत्र, वही. प्रत्येकीचे नाव दोनदा ऐकवावे, मग ओढणीने झाकून एक वस्तू काढून घ्यावी आणि विचारावे, ‘केस की माँक?’ काय नाहीसे झाले? पहिल्या दिवशी उत्तर चित्राने द्यावे, दुसऱ्या दिवशी तोंडाने, तिसऱ्या दिवशी लिहून. एकाच सात शब्दांवर तीन दिवस तीन वेगवेगळी कामे होतात आणि मुलांना पुनरावृत्ती झाल्याचे जाणवतही नाही.

बाजाराची साखळी आपल्याला माहीत असेलच : पहिला म्हणतो, ‘मी बाजारात जातो आणि पाव घेतो’, दुसरा पाव आणि जॅम, तिसरा पाव, जॅम आणि अंडी. ४० मुलांची साखळी करू नये. रांगेपुरती, सहा-सात जणांची करावी आणि बाकीच्यांनी पाटीवर वस्तूंची चित्रे काढत जावे, म्हणजे तेही ऐकत राहतात. ‘द्यू पँ’, ‘द ला कोंफित्यूर’, ‘देझ’ अशी थोडेसे या अर्थाची उपपदे त्यातून न शिकवता तोंडात बसतात. अंड्याची गंमत येथे अवश्य सांगावी : एक अंडे म्हणताना शेवटचा ‘फ’ ऐकू येतो, पुष्कळ अंडी म्हणताना तो गायब होतो. मुलांच्या डब्यातल्या भाताला आणि डाळीलाही या बाजारात जागा द्यावी. ‘द्यू री’ आणि ‘दे लाँतीय’ हे शब्द त्यांना रोज वापरता येतात, चीजच्या सहा प्रकारांची नावे वापरता येत नाहीत.

जुने शब्द परत यावेत याची एक सोपी सोय करून ठेवावी. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात झालेल्या शब्दांच्या चिठ्ठ्या टाकत जाव्यात. तासाच्या शेवटी तीन मिनिटे उरली की एखाद्या मुलाने चिठ्ठी काढून आपल्याला द्यावी. आपण तो शब्द न वाचता सोप्या फ्रेंचमध्ये त्याचे वर्णन करावे, ‘सेतँ फ्रुई, से जोन’, फळ आहे, पिवळे आहे, आणि मुलांनी तो पाटीवर लिहावा. काहींनी केळे लिहिले आणि काहींनी लिंबू, तर आणखी एक वाक्य सांगावे लागते, आणि ते वाक्य ऐकायला वर्ग कान देऊन बसतो. अर्थ सांगायला मराठी किंवा इंग्रजी कधी वापरावे? वस्तू दाखवता येते तेव्हा वापरू नये, ‘कदाचित’ किंवा ‘तरीही’ असा शब्द आला तर सरळ मराठीत सांगून पुढे जावे. हातवारे करून ‘तरीही’ समजावण्यात पाच मिनिटे घालवणाऱ्या शिक्षकांचे मला कौतुक वाटते, पण अनुकरण करावेसे वाटत नाही.

मुले वहीत फ्रेंच शब्दांशेजारी देवनागरीत उच्चार लिहितात, याबद्दल अनेक शिक्षक रागावतात. मी त्याचा उपयोगच करून घेते. शब्द आधी ऐकवावा, मुलांनी जे ऐकू आले ते देवनागरीत लिहावे आणि मगच आपण फळ्यावर खरे लेखन दाखवावे. ‘लेझाँफाँ’ असे ऐकून लिहिणाऱ्या मुलाला जेव्हा ‘मुले’ या अर्थाचे दोन वेगळे शब्द आणि शेवटची दोन मुकी अक्षरे दिसतात, तेव्हा लेखन आणि उच्चार यांतला संबंध त्याला स्वतःला सापडतो. सत्राच्या मध्यापर्यंत हा आधार काढून घ्यावा, कारण ‘स्यूर’सारखे स्वर देवनागरीत नीट बसत नाहीत आणि कायम तसे लिहिले तर तसेच उच्चारले जातात.

गुणांचा प्रश्न आपण विचारला नाही, पण तो येणारच. पालकांना फ्रेंच हा ‘स्कोअरिंग’ विषय म्हणून हवा असतो आणि ऐकण्यात घालवलेला वेळ त्यांना वाया गेलेला वाटतो. मुख्याध्यापकांसमोर हा विषय काढताना डेल्फ परीक्षेचे स्वरूप समोर ठेवावे. ए१ पातळीवर श्रवण, वाचन, लेखन आणि संभाषण यांना प्रत्येकी २५ गुण असतात. १००पैकी ५० गुणांना उत्तीर्ण, पण एखाद्या भागात ५पेक्षा कमी पडले तर एकूण कितीही असले तरी अनुत्तीर्ण. फ्रेंच सरकारची मान्यता असलेल्या परीक्षेत ऐकण्याला चतुर्थांश वजन असेल, तर शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनात निदान ५ गुण श्रवणाला द्यावेत, ही मागणी कोणालाही अवाजवी वाटणार नाही. परीक्षाही पाटीवरच्या सरावासारखीच ठेवावी : एक दूरध्वनी क्रमांक, एक वेळ, तीन चित्रांतून एकाची निवड.

आपल्या उच्चारांबद्दल. घशातला ‘र’ आपल्याला हुबेहूब येत नसेल तर त्याने कोणाचेही अडत नाही. ‘स्यूर’ आणि ‘सू’, ‘बाँ’ आणि ‘बों’ यांतला फरक मात्र आपल्या तोंडून स्पष्ट ऐकू आला पाहिजे, कारण तेथे अर्थ बदलतो. तेवढ्यापुरता आरशासमोर सराव करावा. फ्रेंच डकारमध्ये बोलतात, माँट्रियलमध्ये बोलतात, ब्रुसेल्समध्ये बोलतात, आणि त्या सगळ्यांचे उच्चार पॅरिसच्या माणसासारखे नसतात. मुलांनी फक्त एकच आवाज ऐकला तर त्यांना तेवढाच कळतो, हा धोका अधिक खरा आहे. पुण्यात किंवा मुंबईत आलियाँस फ्राँसेझमध्ये आपल्यासोबत शिकलेले कोणी असतील, तर त्यांच्याकडून स्थानकाच्या उद्घोषणेचा तोच मजकूर मोबाइलवर बोलून मागवावा : एक पुरुषी आवाज, एक तरुण मुलीचा, जमल्यास एखाद्या फ्रेंच भाषकाचा. पहिल्या दिवशी मुलांनी आपला आवाज ऐकावा आणि नंतरच्या दोन दिवशी तेच वाक्य परक्या आवाजांत. वेळ आणि फलाटाचे अंक मात्र प्रत्येक ध्वनिमुद्रणात बदलून घ्यावेत, नाहीतर मुले ऐकणे सोडून कालचे उत्तर लिहितील.